फिल्टर कंपनीचा का सुती

४ ऑक्टो.
बसवला शेवटी फटफटीला सुती एअर फिल्टर. लातूरच्या दुकानातून आणलेला, लालभडक. गाडीनं पिकअप घेतला, आवाज पण मोकळा झाला. आप्पा ओट्यावरून बघत होते. गाडी त्यांची. सासरे म्हणून नाही, गाडीचे मालक म्हणून तोंड फुगवलं.
"कंपनीनं कागदी फिल्टर दिला तो काय येड्यानं दिला का?" एवढंच बोलले.
म्हटलं, आप्पा, सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की मळणी मशिनीचा सगळा धुरळा रस्त्यावर. कागदी आठवड्यात गच्च होतो. धुता येत नाही, हवा मारून मारून फाटतो. हा सुती धुवायचा, वाळवायचा, त्याचं तेल लावायचं, परत बसवायचा.
उठून आत गेले. जाऊ द्या.

६ ऑक्टो.
दिवसभर शेळ्या. पशुसखीचं काम म्हणजे लोकांना वाटतं हिंडणं. लस टोचताना एका बोकडानं असं ढकललं की शेणातच बसले. बाया हसल्या, मीपण हसले.
येताना गाडी मस्त पळाली. आप्पांनीच शिकवली मला. हे पुण्याला कामाला गेले त्या वर्षी, बाजाराच्या मैदानात, अख्खं चाकूर बघत असताना. म्हातारं सुनेला फटफटी शिकवून राहिलंय म्हणून लोक दात काढायचे. आप्पा म्हणायचे, "शिकवून राहिलो मग? तुमच्याकडं पेट्रोल मागितलं का?"
ते नसते तर मी आज कुठं असते. हे तोंडावर कधी बोलले नाही त्यांना. आणि आता फिल्टरपायी अबोला. काय म्हणावं.

९ ऑक्टो.
ह्यांचा फोन. दिवाळीला येतो, जुनी गाडी मोडीत देऊन टाकू म्हणे. "रानावनात एकटी अडकलीस तर? एसटीनं जात जा."
एसटी जाते तिथं डॉक्टर पण जातो की! माझी गावं एसटीच्या पलीकडची. गाडी गेली की काम गेलं, सरळ हिशोब. लई भांडले.
"एकदा बंद पडू दे, मग बघतो," म्हणाले.
म्हटलं पडणारच नाही.

१३ ऑक्टो.
पडली.
फाट्याच्या पुढं, कच्च्या रस्त्याला. दोन्हीकडं राशी चालू, समोरचं दिसत नव्हतं. आधी मिसिंग, मग घरघर, मग कायच नाही. किक मारून पाय गेला. मागं बर्फाच्या डब्यात लस, वर ऊन. रडू आलं. खरंच आलं.
रास चालू होती त्या रानातून एक बाई पळत आली. "काय झालं वं माय?" तिनं नवऱ्याला हाक मारली, आणि त्या माणसानं मशीन बंद केली. चालू रास! एका कडेनं ढग चढत असताना! गाडी ट्रॉलीत, मी ट्रॉलीत. डबा त्या बाईनं ओल्या पोत्यात गुंडाळून दिला. गावात पोचेपर्यंत बर्फ टिकला, सगळ्या शेळ्यांना टोचलं. संध्याकाळी त्याच ट्रॉलीतून गाडी रफिकभाईच्या गॅरेजला टाकली. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं. तिचं भलं होवो, तिची रास कोरडी घरात जावो.
ह्यांना सांगितलं नाही. आप्पांनी मला ट्रॉलीतून उतरताना बघितलं. मला वाटलं आता सुनावणार. तर मान खाली घालून आत गेले. जेवले पण नाहीत.

१४ ऑक्टो.
रफिकभाईनं फिल्टर काढला. चिकटून चिकटून नुसता गोळा, बोट लावलं तर सुटेना. त्यांनी वास घेतला.
"ताई, ह्यात भजे तळले का काय?"
मी वास घेतला. करडीचं तेल! घाण्याचं, आमच्या घरातल्या डब्यातलं.
मी तर फिल्टरसोबतच्या बाटलीतलं तेल लावलेलं, तेही बेतानं. रफिकभाई म्हणाले करडी वाळली की डिंक होती, वर राशीचा धुरळा, मग गाडी श्वास कुठून घेईल?
घरी येऊन तेलाचा डबा आप्पांपुढं ठेवला फक्त. आप्पा खाली बघत बोलले.
"मीच. झाकण काढून बघितलं, कोरडा वाटला. म्हटलं पोरगी फुफाट्यातून जाती. रोज सकाळी जरा जरा लावून राहिलो."
रोज! मी भाकरी थापत असताना. बरोबरच आहे, आमच्या घरात शिलाई मशिनीला करडीचं, कुलपाला करडीचं, आप्पांच्या गुडघ्याला पण करडीचंच. दुसरं तेल असतं हे त्यांच्या डोक्यात येणार कुठून?
रागवायचं ठरवून आले होते. हसूच फुटलं. मग चुलीपुढं जाऊन डोळे पुसले. ज्या फिल्टरचं तोंड बघायला तयार नव्हते, त्याला रोज तेलपाणी करत होते. माझ्यासाठी. असा सासरा कुणाच्या नशिबात असतो?
आज जेवले दोन घास. मीच वाढलं, मीच बोलले.

१७ ऑक्टो.
रफिकभाईनं सुती फिल्टर रॉकेलात, मग साबणात धुवून दिला. निघेल असं वाटलं नव्हतं. वर नांदेडच्या जुन्या दुकानातून कंपनीचा कागदी पण मागवला, एसटीत ठेवून आला. आता दोन्ही घरात.
विचारलं, कुठला लावू? म्हणाले, "कंपनीचा बारीक धूळ धरतो, इंजिनाला जपतो, पण लवकर भरतो. सुती भरला तरी हवा वढतो, पण तेल कमी-जास्त झालं की धूळ आत. जुनं इंजिन हाय ताई. तुम्हीच ठरवा."
म्हणजे कायच ठरलं नाही.
आप्पा म्हणाले, "मला मागं बसव. मी आवाज ऐकून सांगतो."
मी बघतच राहिले. डोळ्याचं ऑपरेशन बिघडल्यापासून घर आणि मठ, मठ आणि घर. गाडी चालवणं बंद. आणि मागं तर ते जन्मात कुणाच्या बसले नाहीत.

१९ ऑक्टो.
कंपनीचा लावून निघालो. आप्पा आधी माझा खांदा धरेनात, सीटची कड धरून बसले. पहिल्या खड्ड्यात धरला. विभूती लावलेली, धोतर नीट खोचलेलं, वर माझं जुनं हेल्मेट. चौकात कुणीतरी ओरडलं, "आप्पा, सुनेच्या मागं?"
"मग काय टाकीवर बसू?"
रस्ताभर बोलत होते. ह्या झाडाखाली कापडाचं गाठोडं सुटलं होतं, त्या ओढ्यात गाडी उचलून न्यावी लागली होती. बाजारोबाजार कापड विकत फिरलेल्या माणसाला आम्ही एवढी वर्षं घरात बसवलं. मी शेळ्या बघेपर्यंत गावातल्या म्हाताऱ्यांत चहा पिऊन आले.
आवाज कसा वाटला? "बरा हाय. पण दुसरा ऐकल्याबिगर कसं सांगू?"

२२ ऑक्टो.
आज सुती लावला. तेल बाटलीतलं, मी लावलं, आप्पा शेजारी उभे राहून बघत होते. त्याच राशीच्या रस्त्यानं गेलो. कुठं अडखळली नाही. परतताना आप्पा मागं गुणगुणत होते, माझ्या हेल्मेटात ऐकू येत होतं.
घरी पाय ठेवला तर ह्यांचा फोन. ट्रॉलीचं कुणीतरी कळवलं होतंच. "बंद पडली आणि मला सांगितलं पण नाहीस? परवा येतोय, आल्या आल्या मोडीत काढतो."
आप्पांनी हातातून फोन घेतला.
"गाडी बंद पडली न्हाई, मी पाडली. तेल मी घातलं. मोडीत काढायचं आसंल तर मला काढ." मग जरा हळू, "ती हिंडती म्हणून मी हिंडून राहिलो रे."
तिकडून "आल्यावर बोलू."
काय बोलतील माहीत नाही. पण आज कुणाचं किती देणं लागते ते कळलं. आप्पांना म्हटलं सुद्धा, पहिल्यांदा तोंडावर, की तुमच्यामुळं हाय मी. ते म्हणाले, "बरं बरं, भाकरी टाक."
जेवताना विचारलं, मग कुठला ठेवायचा? कंपनीचा का सुती?
लई विचार केल्यासारखं केलं. "जवळच्या जवळ काय कळतंय? मुखेडच्या बाजारापर्यंत नेऊन बघावं लागंल. एकदा ह्यानं, एकदा त्यानं."
मुखेड कुठं, आम्ही कुठं. मी हो म्हटलं. आता आतून विचारून राहिलेत, सकाळी किती वाजता निघायचं.