सवलतीतलं मशीन

६ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

वहिनीचा नमस्कारही घ्या आणि आशीर्वादही. नात्याने मी मोठी, वयाने तुम्ही, त्यामुळे हा घोळ आपल्यात कायमचाच. जाऊबाईंची कंबर आता कशी आहे? त्यांना म्हणावं, वाकून केर काढणं बंद करा, धुळीने कुणी मरत नाही. इकडे आम्ही ठीक. पडद्यांच्या दुकानात काम भरपूर आहे. एका हॉटेलचे सगळे पडदे आमच्याकडे आलेत आणि अस्तरं लावता लावता माझ्या बोटांची चाळण झाली आहे.

फोन सोडून पत्र का, असं वाटलं असेल. फोनवर बोलायचं तर हे शेजारीच बसलेले असतात आणि मशीनबद्दल मी दुसऱ्या कुणाला काही विचारलं की त्यांना लागतं. तुम्ही ह्यांच्याहून धाकटे असलात तरी कॉम्प्युटरमधलं तुम्हालाच कळतं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत कापायच्या टेबलावर बसून हे लिहिते आहे.

आम्हाला कॉम्प्युटर घ्यायचा आहे. तुमचे दादा यापुढे घरूनच नकाशे काढणार आहेत, ऑफिसनेच तसं ठरवलं. तिथलं मशीन म्हणे फार रडकं झालं होतं. मध्येच अडकायचं, काढलेली भिंत गायब व्हायची. घरचं तर तुम्हीच पूर्वी जोडून दिलेलं, ते चालू होईपर्यंत माझा चहा उकळून, गाळून, पिऊन होतो.

चौकातल्या दुकानात एक तयार जोडलेला डेस्कटॉप आहे. मागच्या वर्षीचं मॉडेल, म्हणून किंमत बरीच खाली आणलीय. खोक्यावरचं जेवढं मला वाचता आलं तेवढं मागच्या पानावर उतरवलंय. मेमरी आठ जीबी, डिस्क नव्या पद्धतीची, ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे पण अगदी लहान. विक्रेता म्हणाला, "ताई, सुटे भाग आणून जोडायला गेलात तरी एवढ्यात बसायचं नाही." खरं बोलतोय का तो, की गळ्यात मारतोय? ह्यांचं नकाशांचं सॉफ्टवेअर त्यावर नीट चालेल का?

आणि एक विचारते, हसू नका. मशीन जुनं असलं की माणसाच्या हातून चुका होतात का? म्हणजे नकाशात दार जिन्यातच उघडणं, एका मजल्यावर न्हाणीघरच नसणं, असलं काही. मशीनमुळे तसं होऊ शकतं का?

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको.

तुमची,
वहिनी


२० फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

पत्र मिळालं. मालकांनी पाकीट हातात देताना भुवया उंचावल्या, मी म्हटलं दिराचं आहे, तर आणखीच उंचावल्या. असो.

तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, दोनदा वाचलं. माझ्या डोक्यात शिरलं ते असं: किंमत खरंच कमी आहे, फसवणूक नाही. मेमरीची एकच पट्टी दिलीय, दुसरी लगेच घालून घ्यावी म्हणजे नकाशे अडकणार नाहीत. पण आतला वीजपुरवठ्याचा डबा कंपनीच्याच खास मापाचा आहे, त्यामुळे पुढे मोठं कार्ड बसवायला वाव नाही. आज उत्तम, काही वर्षांनी अडचण. वाव नसला तरी चालेल हो. पुढचं कोण बघतंय.

शेवटी तुम्ही एकच ओळ लिहिलीत. 'वहिनी, दार जिन्यात उघडायला मशीन लागत नाही, दादा बरा आहे ना?' ती वाचली आणि पत्र पडद्याच्या ठाणाखाली सरकवून मी संध्याकाळपर्यंत नुसती शिवत बसले.

घरून काम वगैरे काही नाही, भाऊजी. ह्यांच्या ऑफिसच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं होतं. भला माणूस, खुर्ची स्वतः ओढून दिली. म्हणाले, "वहिनी, यांच्या हाताखाली मी शिकलो. यांना काढून टाकणं माझ्याच्याने होणार नाही. पण बांधकामावरचे लोक नकाशा वाचून भिंत उभी करतात हो." मग त्यांनी ते नकाशे दाखवले. मला त्यातलं काय कळतं? पण रेघा इतक्या सुंदर होत्या! एकसुद्धा वाकडी नाही. एका घराला स्वयंपाकघर दोनदा काढलं होतं, शेजारी शेजारी, दोन्हीकडे ओटा, दोन्हीकडे खिडकी.

ह्यांना त्यांनी एवढंच सांगितलं की आता घरी बसून करा, सवडीने. ह्यांनीही मान डोलावली. येताना म्हणाले, "बरं झालं, त्या भिकार मशीनपासून सुटलो."

शनिवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. भाऊजी, तुम्ही असायला हवे होतात. पडद्यासमोर बसले आणि पुन्हा ते पूर्वीचे झाले. माउस हातात धरून विक्रेत्याला सांगत होते, बारीक रेघ बघायची तर पडदा कसा हवा, डोळ्यांपासून किती लांब हवा. तो पोरगेला विक्रेता 'सर, सर' करत होता. मग ह्यांनी किंमत विचारली. त्याने सांगितली. थोडं इकडचं तिकडचं झालं आणि ह्यांनी पुन्हा विचारलं, "किंमत काय म्हणालात?" त्याने सांगितली, पण जरा दबकत. पुन्हा काहीतरी बोलणं झालं, पुन्हा विचारलं. त्याला वाटलं, हे गिऱ्हाईक पक्कं मुरलेलं आहे, घासाघीस करतंय. त्याने आपणहून आणखी कमी केली आणि मेमरीची दुसरी पट्टी फुकट देतो म्हणाला.

बाहेर आल्यावर हे काय खूश! "बघितलंस? तोंडातून शब्द काढला नाही आणि कसा खाली आणला त्याला." मी म्हटलं, "तुमच्यासारखे तुम्हीच." आणि रस्ता ओलांडायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

आता तुम्ही म्हणाल घेऊन टाका, इतकं स्वस्त पुन्हा मिळायचं नाही. ते मलाही कळतंय. पण माझा हात पुढे होत नाही. जुनं मशीन घरात आहे तोवर काही बिघडलं की त्याला चार शिव्या देता येतात. हेही देतात, मीही देते. नवं आल्यावर शिव्या कुणाला द्यायच्या?

सोमवारी सवलत संपते. बघू.

वहिनी


१४ मार्च

भाऊजी,

तुमची दोन पत्रं आली, उत्तर दिलं नाही. रागावू नका.

मशीन घेतलं. ह्यांनी शेवटच्या दिवशी सकाळीच शर्ट घालून तयार होऊन विचारलं, "निघायचं ना?" मग काय करणार. खिडकीपाशी टेबल लावलं, तुम्ही सांगितलंत तसं भिंतीपासून थोडं पुढे, हवा खेळती राहावी म्हणून. खरंच छान आहे. आवाज नाही, तापत नाही, बटण दाबलं की माझं पातेलं गॅसवर चढायच्या आत पडदा उजळतो.

साहेबांना मी गुपचूप गळ घातली होती, एखादं छोटं काम द्या म्हणून. त्यांनी एक लहानसं घर पाठवलं. दोन खोल्या, ओटी, न्हाणीघर. हाताने खरडलेल्या कागदावरून नीट नकाशा करायचा, बस्स. ह्यांच्या हातची ती अर्ध्या दिवसाची गोष्ट.

रविवार होता, मी तिथेच पलंगावर बसून पडद्याच्या कड्या लावत होते. सकाळभर माउसचा टकटक आवाज येत होता आणि मधूनच हे गुणगुणत होते. मी मनात म्हटलं, डॉक्टर चुकला असेल, माणसं चुकतात. जेवायला उठले नाहीत, म्हटलं कामात आहेत, बसू दे. दुपारी आवाज थांबला. बराच वेळ थांबला.

"अगं, इकडे ये."

मी गेले. पडद्यावर घर होतं, आणि त्या घरावर तेच घर पुन्हा काढलेलं होतं, जरासं सरकलेलं. त्यावर आणखी एकदा.

"हे मशीन अडकत नाही," हे म्हणाले.

"मग चांगलंच की."

"सकाळपासून एकदाही अडकलं नाही. एक रेघसुद्धा गायब झाली नाही. सगळ्या आहेत." माझ्याकडे बघितलं नाही. "मशीन चांगलं आहे गं. मला तेवढंच बघायचं होतं."

मी म्हटलं, सवय व्हायला वेळ लागतो, नवीन आहे, उद्या पुन्हा बसा. त्यांनी माझा हात थोपटला, जसा रडणाऱ्या पोराचा थोपटतात, आणि मशीन स्वतःच नीट बंद केलं. ते मात्र बरोबर जमलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, परत देऊन ये, उगाच कशाला घरात. मी रिक्षात घालून घेऊन गेले. तोच विक्रेता होता.

"काय झालं ताई? चालू होत नाही का?"

"होतं."

"मग अडकतं? आवाज येतो?"

"नाही."

"काहीतरी दोष असेल ना?"

"काही दोष नाही."

तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "ताई, दोष असता तर मी आत्ता घेतलं असतं. चांगलं मशीन परत कसं घेऊ? आणि ते सर एवढे हौसेने घेऊन गेले होते!" मागे गिऱ्हाईकं उभी होती. मी पुन्हा खोकं उचललं. त्यानेच रिक्षात ठेवायला मदत केली.

आता ते टेबलावरच आहे. हे त्या खिडकीत बसत नाहीत, दुसऱ्या खुर्चीवर बसतात.

मघाशी डॉक्टर असा शब्द लिहून गेले, तो तुम्ही वाचलाच असेल. तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आधीच आम्ही जाऊन आलो होतो. तपासण्या झाल्या, डोक्याचा फोटो झाला. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी थोडं लांबवता येईल, मागे फिरवता येणार नाही. हे उठून उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुम्हाला नकाशे काय कळतात? आधी मला एक धड मशीन घेऊ द्या." म्हणून तो सगळा खटाटोप. मला वाटलं, तुम्ही लिहाल की हे मशीन टाकाऊ आहे, घेऊ नका. तुम्ही खरं तेच लिहिलंत.

निघताना डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आधी कुणाला होतं का? मी कागद पिशवीत भरत राहिले. हेच म्हणाले, "वडिलांना." मग डॉक्टर म्हणाले, भावंडं असतील तर त्यांनाही एकदा दाखवून घ्यायला सांगा, वेळीच.

हे मी कसं लिहू, भाऊजी? अण्णांची शेवटची वर्षं तुम्ही काढलीत. वडिलांना आंघोळ घालणं, बाहेरून कडी लावणं, भरवलेला घास त्यांनी तुमच्याच तोंडावर थुंकणं, सगळं तुम्ही पाहिलंत. आम्ही सुट्टीला यायचो आणि फळं ठेवून जायचो. आणि आता हे मी तुम्हाला कागदावर सांगते आहे. ह्यांनी मला बजावलं होतं, "धाकट्याला कळवू नकोस. तो माझ्यासाठी रडणार नाही, घाबरेल." मी कळवलं. घाबरलात तरी चालेल, पण दाखवून या. जाऊबाईंना सोबत न्या, एकटे जाऊ नका. काय निघेल ते मला लिहू नका, मला सोसायचं नाही. किंवा लिहा. मला कळत नाही.

साहेबांनी ते लहान घर दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घेतलं. ह्यांनी विचारलंही नाही.

मशीन तुम्ही घेऊन जा. तुमच्या मुलांना उपयोगी पडेल. त्या निमित्ताने तरी या, पण लवकर या. आणि आलात की दारातच आधी तुम्ही बोला. 'दादा, मी आलो' एवढ्यावर थांबू नका, पुढे स्वतःचं नाव सांगा. सख्ख्या भावाला नाव काय सांगायचं, असं वाटेल. तरी सांगा. मोठ्याने, हसत सांगा. त्यांना शोधायला लावू नका.

वाट बघते,
वहिनी