रेघेचा अर्थ ठाऊक असलेल्या भावाला वगळून

मी, या गल्लीत ‘टायपिंगच्या बाई’ म्हणून ओळखली जाणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र स्वतः टाइप करीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मी रागात आहे, पण त्याचा दाखला कोणी मागत नाही.

१. घर. समोरची खोली, जिथे पस्तीस वर्षे टायपिंग आणि लघुलेखनाचा क्लास चालला, मागची खोली, माळा. शहराच्या मधोमध असलेल्या विमानतळाची दुसरी धावपट्टी यावरून जाणार आहे. ती अडणार की नाही ते गल्लीच्या अपिलावर ठरेल. घर राहिले तर घर, पडले तर त्याबदल्यात जे मिळेल ते, शेजारच्या शिंपीकाकांच्या थोरल्या मुलीला द्यावे. माझा गुडघा धरला तेव्हा दोन महिने तिने मला उठवले-बसवले, एकदाही तोंड वाकडे केले नाही.

२. सात टाइपरायटर. ज्याला उचलता येईल त्याने न्यावे. खिडकीजवळच्या यंत्राचा ‘ळ’ अडकतो, तो बोटाने उचलावा लागतो. तेल घालून काही होत नाही.

३. धाकटा भाऊ. त्याला काहीही देऊ नये. कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील म्हातारीला चळ लागला.

आईवडील गेल्यावर मीच त्याला वाढवले, याच क्लासात शिकवले. डोक्यावरून विमान गेले की या गल्लीत बोलणारा जागीच थांबतो आणि आवाज गेला की तिथूनच पुढे बोलतो. भांडणेसुद्धा अशीच होतात. डिक्टेशनमधल्या त्या थांब्यासाठी आम्ही दोघांनी वहीत एक लांब आडवी रेघ ठरवली: विमान गेले, वाक्य अपुरे आहे. ही खूण तिसऱ्या कोणाला ठाऊक नाही. पुढे तो विमानतळाच्या जमीन खात्यात लागला. तो अर्जही मीच टाइप केला होता.

शाळेच्या हॉलमधल्या जनसुनावणीत साहेबांनी विचारले, “कोणाची हरकत आहे का?” शिंपीकाका उठले, तोंड उघडले, आणि विमान आले. सवयीने आम्ही सव्वाशे माणसे गप्प राहिलो. साहेब शांत वस्तीतले. आवाज ओसरेपर्यंत त्यांनी ‘हरकत नाही’ असे लिहून विषय बंद केला होता. मग आम्ही घसा फोडला, पण लिहिलेले कोणी खोडले नाही. सुनावणी मी लघुलेखनात उतरवत होते; माझ्या वहीत त्या जागी रेघ आहे. गल्लीने तक्रार केली, त्या चौकशीत ती वाचायला भावाला बोलावले, कारण मी पडले पक्षकार. तो म्हणाला, “रेघ म्हणजे त्या वेळी कोणी काही बोललं नाही.”

तो खोटे बोलला नाही, आणि याचाच मला जास्त राग आहे. बाहेर आल्यावर म्हणाला, “ताई, माझी नोकरी आहे गं.” मी शिकवलेल्या विद्येनेच त्याने माझा केसाने गळा कापला. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागलेले नाही.

४. साक्षीदार. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला यातले काही मिळणार नाही असाच माणूस साक्षीला घ्या. मग भावाइतका पात्र दुसरा कोण? त्याला बोलावले आहे. त्याच्या सहीखाली चार बोटे जागा सोडली आहे. रेघेचा पुरता अर्थ त्याने तिथे एका ओळीत लिहिला, तर गल्लीचे अपील उभे राहील. घर त्याला तरीही मिळणार नाही. पण मी त्याला पुन्हा भाऊ म्हणेन.

मृत्युपत्र करणार: टायपिंगच्या बाई (सही)

साक्षीदार १: गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेले डॉक्टर (सही)

साक्षीदार २: धाकटा भाऊ (सही)

 

ठिकाण: राहते घर, समोरची खोली
दिनांक: १४ तारीख, सोमवार, अपिलाला नऊ दिवस बाकी

सह्यांनंतरची नोंद: त्याने सगळे दोनदा वाचले. “ताई, सही कुठे करू?” एवढेच विचारले, आणि सही करून चहा न घेता गेला. जागा कोरी आहे.