श्यामच्या नावाचं रक्त

जठारपेठ, अकोला
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

सौ. मैनाबाई यांना गीतांजलीचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकला असाल. घटस्फोटानंतरच्या सात वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते आहे तर वर 'आई' लिहायला हात धजत नाही, म्हणून नावानंच लिहिलं. राग येऊ द्या. कपाशीची पहिली वेचणी आटोपली असेल. मामाजींचे गुडघे कसे आहेत? सासरे म्हणून त्यांच्यावर माझा राग नाही. तुमच्यापुढं ते कधी बोललेच नाहीत, एवढंच.

तुमची नात दामिनी दहा वर्षांची झाली. पाचवीत आहे, चित्रं छान काढते. सिकलसेल मात्र पाठ सोडत नाही. थंडी पडली की तिच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन अडकतात, मग हाडं दुखतात. डाव्या पायानं लंगडते. रोजची गोळी चालू आहे. न्यूमोनियाच्या लसी मी इथं आल्यावर एकेक करून सगळ्या दिल्या. हिवरखेडला ती दीड वर्षाची असताना "सुईनं पोरीले ताप येते" म्हणत तुम्ही नर्सबाईला ओट्यावरूनच परत पाठवलं होतं. त्यानंतरच्या न्यूमोनियात मी बारा दिवस दवाखान्यात तिच्या उशाशी बसले. तुम्ही एकदाही आला नाहीत.

असो. शुक्रवारी श्यामच्या दुसऱ्या लग्नाचं साक्षगंध आहे असं कळलं. मुलगी बडनेऱ्याची, आरती नावाची, वडील रेल्वेतून रिटायर झालेले. सगळं कळलं मला. कसं कळलं ते सांगायलाच हे पत्र.

आधी जुनं. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही मला पाहायला आलात तेव्हा मी स्वतः सांगितलं होतं की माझ्या रक्तात सिकलसेलचा अर्धा दोष आहे. लॅबचा कोर्स करताना तपासलं होतं. मला त्याचा काही त्रास नाही, पण नवऱ्याच्या रक्तातही तोच दोष असला तर पोर आजारी निघू शकतं, म्हणून श्यामचं रक्त तपासून आणा, असं म्हणाले होते. पाहुण्यांच्या बैठकीत मुलीनं असं बोलणं माझ्या आईला आवडलं नव्हतं. तुम्ही आठ दिवसांत कागद आणलात. दोष नाही. लग्न झालं.

दामिनीच्या पहिल्या वाढदिवसाआधीच तिचे हातपाय सुजायला लागले आणि तपासात पूर्ण सिकलसेल निघाला. पूर्ण आजार यायचा तर तो दोन्हीकडून यावा लागतो. मी म्हणाले, तो कागद चुकला असेल, श्यामचं परत तपासा. श्याम उठून शेतात निघून गेला. आणि तुम्ही तोच कागद धरून, माझे वडील, तुमचे भाऊ, शेजारची गंगूबाई, सगळ्यांसमोर ओसरीवर उभ्या राहिलात.

काय बोललात ते मी आजवर कोणाजवळ उच्चारलं नाही. आज लिहिते. "आमच्या श्यामचं रक्त साफ आहे. मंग पोरगी कोनाची आहे, ते हिले इचारा."

माझ्या वडिलांनी मान खाली घातली. त्यांनाही क्षणभर खरं वाटलं, मैनाबाई. ते गेले त्यालाही चार वर्षं झाली, आणि ती शंका त्यांनी सोबत नेली की टाकून दिली हे मला कधी कळलं नाही. यासाठी मी तुम्हाला माफ करणार नाही.

आता नवं. मी दिवाळीआधी नव्या लॅबमध्ये लागले. आरतीच्या वडिलांनी दोघांचं रक्त अकोल्यातल्या याच लॅबमध्ये तपासायचं ठरवलं होतं, कारण त्यांच्या ओळखीचे डॉक्टर इथं बसतात. या महिन्याच्या सुरुवातीला मी तोंडाला मास्क लावून रक्त घेत होते. समोर एक जण येऊन बसला. नाव विचारलं तर म्हणाला, श्याम. वय सांगितलं तेही श्यामचं. बाही वर केली तर कोपराखाली मळणीयंत्रात चिरलेली ती लांब खूण. त्या जखमेची पट्टी महिनाभर मीच बदलत होते. तुमचा धाकटा कुलदीप.

रक्त घेतलं, बाटलीवर श्यामचं नाव लिहिलं. मग म्हणाले, "कापूस दाबून धरा, कुलदीपभाऊ."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "वहिनी, आईनं धाडलं मले. मी नाही म्हणून राहिलो होतो."

"आणि अकरा वर्षांमागं?"

"तवाबी मीच गेलतो. भाऊच्या रक्तात दोष निघाला होता, माह्यं साफ होतं." तो रडायला लागला. "तुमाले बोल लागला तवा सांगनार होतो, पण आईनं शपथ घातली."

तुमचं डोकं चालतं हो. एकदा पचलं म्हणून तीच युक्ती पुन्हा. फक्त या वेळी सुई कोणाच्या हातात आहे ते पाहायचं राहिलं.

मी कुलदीपला म्हणाले, "मी भेटली म्हणून घरी सांगू नका." त्याला वाटलं मी त्याला वाचवते आहे. मी त्याला वाचवत नव्हते.

त्याच आठवड्यात आरतीचं रक्त आलं. तिच्या परवानगीनं लिहिते: तिच्यातही माझ्यासारखाच अर्धा दोष आहे. तो रिपोर्ट पाहून मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? मला काहीच करायचं नव्हतं. कुलदीपच्या रक्ताचा साफ कागद श्यामच्या नावानं गेला असता, लग्न झालं असतं, आणि कधीतरी तुमच्या ओसरीवर आणखी एक लेकरू हातपाय सुजून रडलं असतं. या वेळी तुम्ही कोणाला विचारलं असतं पोर कोणाचं म्हणून? ते दोन्ही रिपोर्ट मी चार दिवस ड्रॉवरमध्ये ठेवले. रोज उघडून पाहायची. जेवण गोड लागत होतं.

पाचव्या दिवशी दामिनीला तपासणीला नेलं. तिनं पेपरात जीन थेरपीचं वाचलं होतं, डॉक्टरांना विचारलं, माझं होईल का. त्यांनी तिला कागदावर काढून दाखवलं. हाडातल्या मगजाच्या पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्यातली बिघडलेली जागा दुरुस्त करायची, तोवर जुना मगज कडक औषधानं जाळून टाकायचा, मग दुरुस्त पेशी परत सोडायच्या. महिना-महिना एका खोलीत बंद. परदेशात सुरू झालंय, आपल्याकडंही प्रयत्न चालू आहेत, पण तुझ्यापर्यंत यायला वेळ लागेल, असं म्हणाले. पोरगी सगळं ऐकून म्हणाली, "दुखलं तरी मी करीन."

मला तिथं बसवेना. एक एवढीशी चूक दुरुस्त करायला माणसं इतकं करतात, आणि मी तीच चूक दुसऱ्या लेकराच्या अंगात जाताना बघत बसणार होते, का तर तुम्हाला रडताना पाहायचं होतं. सूड तुमच्यावर आणि कळा त्याला. तेवढी तुमच्यासारखी मी होणार नाही.

श्यामच्या नावाच्या रिपोर्टवर मी 'रक्त दुसऱ्याचं' असा शेरा लिहिला आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी आरतीला बोलावून तिचा रिपोर्ट समजावला. मग या रविवारी मी बडनेऱ्याला तिच्या घरी गेले. दामिनीला सोबत नेलं. कुलदीपलाही बोलावलं होतं. तो आला आणि आरतीच्या वडिलांसमोर सगळं बोलला, ओसरीवरच्या त्या दिवसासकट. ते गृहस्थ उठले आणि दामिनीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हे लेकरू श्यामचंच आहे." एवढं ऐकायला मला नऊ वर्षं लागली.

शुक्रवारी बडनेऱ्याहून कोणी येणार नाही.

निघताना आरतीनं विचारलं, "ताई, त्यांना आधी कळवायला पायजे ना? मंडप घालतील, दोनशे माणसांचा स्वयंपाक करतील." कुलदीपला घरी बोलायची हिंमत नव्हती. मी तिला म्हणाले, "तू फोन करू नको. मीच कळवते."

कळवते आहे. साध्या पोस्टानं. हिवरखेडला पोचायला चार दिवस लागतात, पोस्टात विचारून घेतलं. म्हणजे तुम्ही हे वाचाल तेव्हा शुक्रवार होऊन गेला असेल. सगळ्या सोयऱ्यांसमोर, नवं लुगडं नेसून, तुम्ही रस्त्याकडं बघत उभ्या राहिला असाल आणि लोकांनी तुम्हाला विचारलं असेल, काय झालं म्हणून.

मला याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटत नाही.

मामाजींना नमस्कार. तुमच्यासाठी वर एकदा लिहिला, तोही रीत म्हणून.

गीतांजली,
श्यामच्या मुलीची आई