पाटीच्या गाण्याचं शेवटचं कडवं

आई,

या जयंतीला मिरवणुकीत तुझा आवाज होता. डीजेच्या गाडीवर, माणसाएवढ्या स्पीकरमधून. मी विहारापाशी सरबत वाटत उभी होते आणि एकदम तू गायला लागलीस, तेच पाटीचं गाणं, लेकीच्या हाती खुरपं नको, पाटी दे, असं सांगणारं. मागे दणदणता ठेका, मध्येच तुझा एखादा शब्द तोडून चारचारदा वाजवलेला, आणि समोर पोरं बेभान नाचताहेत. माझ्या हातातला पेला सांडला. आधी रडू आलं आणि मग राग, कारण दुसरं कडवं संपलं की गाणं पुन्हा सुरुवातीला जात होतं. शेवटचं कडवं कापून टाकलेलं होतं.

शेवटच्या कडव्याची किंमत मला तूच शिकवलीस. तू तेव्हा कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ खुडायला जायचीस. संध्याकाळी तुझ्या हातांची आग व्हायची, म्हणून कणीक मळायचं काम माझ्याकडे. एकदा विहारातल्या कार्यक्रमात मी हेच गाणं म्हटलं, मध्येच टाळ्या पडल्या, तशी शेवटचं कडवं सोडून ऐटीत खाली उतरले. घरी आल्यावर तू स्टोव्हपुढे बसलेली आहेस, माझ्याकडे बघतसुद्धा नाहीस. "गानं कोनाचंबी म्हन वं, कोनी अडवत नाही. पन जिनं बांधलं तिचं नाव काहून गिळलं?" गाणं बांधणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं, हे मला त्या दिवशी कळलं. तू स्वतःबद्दलच बोलते आहेस असं मी धरून चालले, रुसले, आणि धड पाठ नसलेलं ते कडवं कधी शिकून घेतलंच नाही. पुढच्या वर्षी तू गेलीस. तुझ्या आवाजातली गाण्यांची कॅसेट घर बदलताना हरवली. वस्तीत सगळे त्याला तुझंच गाणं म्हणत राहिले.

म्हणून त्या डीजेवाल्या पोराला मी शोधून काढलं. लकडगंजात आरा मशीनच्या वरच्या खोलीत त्याचा स्टुडिओ आहे, म्हणजे एक कॉम्प्युटर आणि भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या. मी आमच्या ऑफिसातल्या वकिलांना विचारून गेले होते. कॉपीराइट, बांधणाऱ्याचा हक्क, गाणाऱ्याचा हक्क, सगळं पाठ. ते त्याला असं सुनावलं की बिचाऱ्यानं उठून स्वतःची खुर्ची मला दिली. तो म्हणाला, नेटवर कुणीतरी जुनी कॅसेट टाकली होती, तिथून त्यानं डाउनलोड केली, सगळेच करतात. सगळे करतात म्हणून ते तुझं होत नाही, मी त्याला म्हटलं. तर म्हणे, गाणं काढूनच टाकतो. पण ते मला नको होतं. तुझा आवाज इतक्या वर्षांनी रस्त्यावर आलेला, तो मी कशाला बंद करू? माझ्या आईचं नाव परत घाल, एवढंच माझं मागणं होतं. त्यानं चहा मागवला आणि पूर्ण कॅसेट लावली.

शेवटचं कडवं आलं. तू अगदी स्पष्ट गातेस, आई, आणि त्यात नाव तुझं नाही. ते शेजारच्या मावशीचं आहे. तुझ्या बाजूला बसून देठ खुडणारी, मिरचीच्या खकाण्यानं आवाज बसलेली ती मावशी, आपल्या घरी आली की तुझ्या कानाशी लागून कुजबुजायची. तेव्हा ती तुला गाणी सांगत होती, हे मला त्या खोलीत बसून समजलं. मला तुझा इतका अभिमान वाटला की छाती दुखायला लागली.

पोरगंही ऐकत होतं. "काकू, हे तं दुसरंच नाव आहे," तो म्हणाला. "मंग राहू देऊ का जसं आहे तसं? कोनाले मालूम होते?"

आता ते कडवं गाण्यात आहे. तिथं ठेका थांबतो आणि तुझा नुसता आवाज राहतो. मावशीची नात वाडीला असते, तिच्याकडे पोराला घेऊन गेले आणि त्याला रीतसर विचारायला लावलं. तिनं आजीचं नाव ऐकलं आणि पुन्हा लाव म्हणाली. पुढच्या जयंतीला लोक ते मावशीचं गाणं म्हणून नाचतील, आणि तेच बरोबर आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून एवढं लिहिते. पोरानं "राहू देऊ का" विचारलं तेव्हा मी लगेच "नको" म्हटलं नाही. समोरचा चहा आधी सगळा पिऊन घेतला, मग म्हटलं.