दिवसा दिवा, रात्री अंधार

अहो,

हात जोडते, लेकीच्या दाढीवाल्या सरड्याचा दिवा दिवसा बंद करू नका. "दिवसाढवळ्या दिवा कशाला?" म्हणत तुम्ही जाता-येता बटण दाबता. दुपारी बघते तर बिचारा गारठून, काळवंडून पडलेला, खाण्याकडे ढुंकून बघेना. त्याच्या काचपेटीत ऊन म्हणजे तोच दिवा. त्याखालच्या दगडावर तो शेकतो, नकोसं झालं की दुसऱ्या टोकाला गारव्यात जातो. म्हणून दिवा मध्यावर सरकवायचा नाही. पांढरी ट्यूब त्याच्या हाडांसाठी आहे. तिच्याखाली तुम्ही काच ठेवलीत, म्हणे धूळ बसते! काचेतून तिचे हाडांना लागणारे किरण पोचत नाहीत, म्हणून काच मी काढलीय. पुन्हा ठेवलीत तर माझ्याशी गाठ आहे.

आणि तो अंधारात घाबरेल म्हणून रात्री दिवा लावून त्याच्यापाशी बसता, तेही बंद. झोपू द्या त्याला.

लेक भांडून घराबाहेर पडली तेव्हाचं "जातेस तर सरडाही घेऊन जा," हे तुमचं ओरडणं अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं. हे रात्रीचं बसणं मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. ते मी तिला फोनवर सांगितलं. संध्याकाळी तिला घेऊन येतेय. तेव्हा पेटीवरचा दिवा विझवा, दाराबाहेरचा राहू द्या.