हिरण्यप्रभा सान्याल, सिलिगुडी

शांतिपूर,
३ ऑगस्ट १९८६

चि. सौ. पुतुल हिस,
अनेक उ. आ. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, माझा गुडघा सोडून. तुला आनंद होईल अशी बातमी म्हणजे मी बांधव वाचनालयाच्या चिटणीसपदाचा राजीनामा दिला. घाबरू नकोस, भांडण झालेलं नाही. चिटणिसाला वाचनालयाच्या साहित्यस्पर्धेत उतरता येत नाही असा नियम आहे, आणि तो मीच केला होता. आपण लिहायला बसलो तर इतरांवर अन्याय होईल, असं तेव्हा वाटलं होतं. आता साठी उलटली, इतरांचा विचार माणसाने करावा तरी किती!

यंदा तीन विभाग आहेत: कथा, कविता आणि सत्यलेखन, म्हणजे घडलं ते जसंच्या तसं. मी तिन्हींत उतरतो आहे. सर्वांत जे सरस ठरेल त्याला चषक, आणि सरस्वतीपूजेला निघणाऱ्या ‘अर्घ्य’ अंकात पहिल्या पानावर नावासकट छपाई. परीक्षक कलकत्त्याचे. नाव-पत्ता वेगळ्या बंद पाकिटात घालायचा, त्यामुळे वशिल्याला जागा नाही. विजेत्याने मात्र स्वतः व्यासपीठावर यायचं. तीनदा नाव पुकारूनही कुणी उठलं नाही, तर चषक दुसऱ्या नंबराला. हा नियमही माझाच. मागे एका कलकत्त्याच्या कवीने येण्याची तसदी घेतली नाही. त्याच्या चषकात हल्ली कपाटाच्या किल्ल्या ठेवतात.

तुझी पिशी बरी आहे. माझ्या या बहिणीबद्दल, खेंदीबद्दल, वेगळं काय लिहिणार? संध्याकाळी मंडळी जमतात, मी वाचतो, ती चहा आणते. काल मेघांवरच्या कवितेचं सातवं कडवं ऐन रंगात असताना ती कपबश्या वाजवत आली. साहित्यातलं तिला काही कळत नाही, पण चहा उत्तम करते.

जावईबापूंना आशीर्वाद. माझ्यावर आहे तसा लोभ माझ्या कवितांवरही असू द्यावा, ही वि.

तुझा बाबा,
ब्रजगोपाल सान्याल


शांतिपूर,
११ ऑगस्ट १९८६

चि. सौ. पुतुलबाळीस,
पिशीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या बाबाचं पत्र पोचलं असेलच. पेटीत टाकायला मीच गेले होते. साहित्य दादाचं, पण तिकीट चिकटवणं अजून माझ्याकडेच आहे.

घरात सध्या तीन विभाग जोरात चालू आहेत. सत्यलेखनात दादाने लिहिलंय की, मोठ्या पुरात नाव उलटली तेव्हा त्याने दहा माणसं ओढून काढली. त्या पुरात मी होते गं. दादा सगळ्यांच्या आधी झाडावर चढला आणि सगळ्यांच्या नंतर उतरला. हे कथा विभागात पाठवलं असतं तर माझी काही हरकत नव्हती.

आता कान इकडे कर. मीही लिहिलंय. हसलीस तर निखुतीची मिठाई पाठवणार नाही. एका घरात एक थोरला भाऊ आहे, कवी आहे. जेवायला बसला की ताज्या ओळी म्हणतो, आणि कुणी वाहवा म्हटल्याशिवाय इलिश माशाच्या मुंडक्याला हात लावत नाही. घरातली माणसं त्यामुळे गार भात जेवतात. शेवटी घरातली मांजर म्याव करते, तिलाच तो वाहवा समजतो आणि जेवतो. यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, तुलाही ठाऊक आहे. तरी मी कथा विभागात घालणार, कारण खरं म्हणून पाठवलं तर विश्वास कोण ठेवणार?

सोबतच्या लिफाफ्यात गोष्ट आहे. ती तुझ्या सिलिगुडीच्या पत्त्यावरून पाठव. इथून पाठवली तर पाकीट उघडायच्या आत पोस्टमन चहाला येऊन दादाला सांगेल. नाव मात्र माझंच घाल. टोपणनाव नको. टोपणनावानेच तर सगळा जन्म गेला.

आजोबांनी हौसेने हिरण्यप्रभा ठेवलं, आणि नाक बघून लोकांनी खेंदी केलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. माझी विघ्नं सगळी वेळेवर आली, लग्नच तेवढं आलं नाही. त्यामुळे पत्रिकेवरही नाव छापून आलं नाही. मतदार यादीत आहे, पण तिथला मास्तर मला बघताच या खेंदीपिशी म्हणतो आणि यादी न बघताच बोटाला शाई लावतो. शाळा सुटल्यापासून मला त्या नावाने एकानेही हाक मारलेली नाही. चषक घेऊन मी काय करू, त्यात फार तर चिंच राहील. मला फक्त ते नाव एकदा मोठ्याने ऐकायचंय, आणि छापलेलं बघायचंय.

दादाला यातलं काही कळू देऊ नकोस. तुझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे माहीत असूनही लोभ करते आहे, तेव्हा किंमत ठेव.

तुझी,
खेंदीपिशी


सिलिगुडी,
२० ऑगस्ट १९८६

ती. पिशीच्या पायांशी,
पुतुलचा शि. सा. न. वि. वि.

गोष्ट आज रजिस्टर पोस्टाने रवाना झाली. त्याआधी आम्ही दोघांनी वाचली. मांजरीपाशी तुझे जावई इतके हसले की चुलीवरचं दूध उतू गेलं, आणि त्याचा ठपकाही त्यांनी तुझ्यावरच ठेवला. ते विचारत होते की हा थोरला भाऊ कोण. मी म्हटलं, काल्पनिक आहे.

एक सांगते, रागावू नकोस. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, वेण्या घातल्यास, परीक्षेला दह्याचा टिळा लावलास. आणि काल पाकिटावर तुझं नाव घालताना मला तुझं पत्र पुन्हा उघडून बघावं लागलं. फार लाज वाटली गं.

निकाल दुर्गापूजेनंतरच्या विजया संमेलनात आहे. त्या दिवशी लाल काठाची साडी नेसायची आणि पुढच्या रांगेत बसायचं. स्वयंपाकघराकडे फिरकलीस तर माझी शपथ. माया आहे तेवढीच असू दे, आणखी केलीस तर मी लठ्ठ होते.

तुझी,
पुतुल


शांतिपूर,
२८ ऑक्टोबर १९८६

चि. सौ. पुतुल हिस,
विजयादशमीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

यंदाची विजया खरोखरीच विजया ठरली. चषक घरात आला! आता माझ्या टेबलावर आहे, आणि लिहिताना मधून मधून त्याच्याकडे पाहावं लागतं.

तपशील एवढाच की प्रथम क्रमांक तुमच्या सिलिगुडीच्या कुणा बाईंचा होता. हिरण्यप्रभा सान्याल. आपल्याच आडनावाच्या, पण शिस्त नाही. तीनदा पुकारलं, उठलं कुणी नाही. मग नियमाप्रमाणे दुसऱ्या नंबराला, म्हणजे मला, वर जावं लागलं. मी आढेवेढे घेतले, पण नियम माझाच असल्यामुळे फार घेता आले नाहीत. माझं पुराचं सत्यलेखन परीक्षकांना आवडलं. कल्पनाशक्ती दांडगी आहे म्हणाले, ते मात्र मला नीट कळलं नाही.

बाईंच्या गोष्टीतला एक उतारा परीक्षकांनी वाचून दाखवला. पुतुल, मी हसून हसून डोळे पुसले! एक आत्मस्तुतीत बुडालेला कवी, आणि त्याला दाद देणारी मांजर. असली माणसं असतात गं. मी शेजारच्या बिनयबाबूंना कोपराने ढोसून म्हटलं की हा तर तुमचा मेहुणा. बिनयबाबू माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत राहिले. मेहुण्याचा राग आला असावा.

तुझ्या ओळखीत या बाई असतील तर कळव. अभिनंदन करीन म्हणतो, आणि पुढच्या वेळी वेळेवर या असंही सांगीन. खेंदी त्या दिवसापासून जरा गप्प आहे. संमेलनासाठी वाटाण्याची घुगनी करताना धूर लागला असेल. लोभ वाढला असेलच, चषकामुळे तो फुगू नये इतकी काळजी घेतो.

तुझा विजेता बाबा,
ब्रजगोपाल सान्याल


शांतिपूर,
३० ऑक्टोबर १९८६

चि. सौ. पुतुल हिस,
विजयेचे आशीर्वाद. वि. वि.

साडी नेसले होते. पुढच्या रांगेतही बसले होते, शपथेपुरती. मग नव्या चिटणिसाची बायको धावत आली. घुगनी खाली लागतेय, मैद्याच्या लुच्या फुगत नाहीत, खेंदीपिशी, तुमच्याशिवाय कोण, असं म्हणाली. मला उठवायला कधी तीनदा पुकारावं लागलेलं नाही.

पडद्यामागे कढईपाशी कर्ण्याचा आवाज स्वच्छ येत होता. माझ्या गोष्टीवर सभागृह हसत होतं, त्यात दादाचं हसणं सगळ्यांत मोठं. हे सुख काही कमी नाही. मग नाव पुकारलं, हिरण्यप्रभा सान्याल, सिलिगुडी. आणि पुतुल, देवीची शपथ, माझ्या मनात आलं की कोण बिचारी इतक्या लांबून आलीय, कुठे अडकली असेल. झारा हातात तसाच धरून मी पडद्याच्या फटीतून तिला शोधू लागले. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हाही मान उंच करून बघत होते. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा उमगलं. अगं, ही तर मीच! तोवर दादा पायऱ्या चढत होता, गुडघ्याचं दुखणं विसरून.

ओरडायला हवं होतं, म्हणशील. हाताला कोपरापर्यंत मैदा, आणि म्हणायचं काय, तर मी हिरण्यप्रभा? लोकांनी आधी लुच्या मागितल्या असत्या.

घरी येऊन खूप रडले. तू पत्रात विचारणारच, म्हणून आधीच लिहिते. चषकासाठी नाही रडले. ज्या नावासाठी एवढा खटाटोप केला, ते कानांवर आलं आणि माझ्याच कानांनी परकं म्हणून परत पाठवलं, ते लागलं.

दादाचं म्हणशील, तर मी एक ठरवून टाकलंय. त्याला नाव ओळखू आलं होतं आणि चषकासाठी तो गप्प बसला, असं मी धरून चालणार. लबाड भाऊ परवडतो. सख्ख्या बहिणीचं नाव विसरलेला भाऊ घेऊन कुठे जाऊ?

तू त्याला काही लिहू नकोस. लिहिशील हे माहीतच आहे, पण सांगितलं नाही असं व्हायला नको. लोभ थोडा उरलाय, तो तुझ्याकडे ठेवायला दिला असं समज.

तुझी,
खेंदीपिशी (दुसरी कोण असणार)


सिलिगुडी,
६ नोव्हेंबर १९८६

ती. बाबांच्या चरणी,
विजयेचा प्रणाम. वि. वि.

चषकाबद्दल अभिनंदन. तुम्ही विचारलेल्या बाईंची चौकशी केली. त्या सिलिगुडीत राहत नाहीत. इथला पत्ता माझा आहे. त्या शांतिपुरात राहतात, भावाच्या घरी. त्या संध्याकाळी त्या वेळेवर आल्या होत्या, किंबहुना तुम्ही खाल्लेल्या लुच्या त्यांनीच तळल्या. अभिनंदन करायचं तर फार लांब जायला नको. टेबलावरून उठून उजवीकडे वळा, जिथून चहा येतो तिथे.

मांजर अजून आहे ना घरात? तिलाही माझा नमस्कार सांगा.

तुमच्या आजोबांनी तुमच्या बहिणीचं नाव काय ठेवलं होतं, ते आठवून पाहावं. आठवलं तर मला कळवू नका, तिला हाक मारा. रागावून लिहिते आहे, तरी लोभ मागते. तो नाही दिलात तर नियमाप्रमाणे दुसऱ्या नंबराला जाईल, आणि तुम्हाला दुसरी मुलगी नाही.

आपली,
पुतुल


शांतिपूर,
९ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. पुतुल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राला तुझ्या बाबाने उत्तर दिलं नाही अशी तुझी तक्रार आहे. देणार कसा? पत्र वाचून त्याने ते उशीखाली घातलं, चषकाचं तोंड भिंतीकडे केलं आणि माझ्याशी बोलणंच टाकलं. म्हणजे रागावला नव्हता, हाक काय मारावी ते त्याला कळेना. खेंदी म्हणायची चोरी, दुसरं नाव जिभेवर बसेना. मीठ हवं असलं तरी खोकायचा. सगळी थंडी घरात नुसतं खोकणं. शेजाऱ्यांनी काढा आणून दिला, तोही बिचारा निमूट प्यायला.

सरस्वतीपूजेला ‘अर्घ्य’ आला. दादानेच आणला आणि काही न बोलता देवीच्या पायांशी ठेवला. त्या दिवशी अक्षर वाचायचं नसतं, ठाऊक आहे ना? एवढी वर्षं थांबले, एक दिवस आणखी थांबायला काय हरकत होती? पण देवीला म्हटलं, बाई, क्षणभर डोळे मीट, आणि पहिलं पान उघडलं. आहे गं. काना-मात्रेसकट आहे. बोट फिरवलं तर बोटाला शाई लागली. या वेळी यादी बघून लागली.

कालची गोष्ट ऐक. संध्याकाळी मंडळी जमली होती. बिनयबाबूंच्या हातात अंक. ही सिलिगुडीची बाई कोण असावी यावर वाद चालला होता. कुणी म्हणे चहामळ्याच्या मालकाची बायको, कुणी म्हणे पुरुषच आहे, बाईला एवढं तिरकं लिहायला जमत नाही. दादा खोकत होता. खोकता खोकता थांबला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून त्याने हाक मारली, हिरण्यप्रभा, चहा आण.

 मी पाटावर बसले होते, आधण ठेवायच्या बेतात. उठले नाही. खरंच मलाच बोलावतोय ना, हे ऐकायचं होतं. त्याने दुसऱ्यांदा हाक मारली, जरा मोठ्याने. तेव्हाही उठले नाही, कारण कानाला फार गोड लागलं. तिसऱ्यांदा मारली तेव्हा आवाज चिरकला होता त्याचा. मी तरीही हलले नाही. नियम त्याचाच आहे. तीनदा पुकारून कुणी उठलं नाही, तर पाळी दुसऱ्या नंबराची.

मग तो आला. पहिल्यांदाच या घराचा उंबरठा ओलांडल्यासारखा चुलीपाशी बावरून उभा राहिला. साखरेचा डबा कुठला हे विचारलंन्, पत्तीऐवजी कलौंजी टाकत होता ती मी थांबवली. कसाबसा चहा झाला. पहिला कप माझ्यापुढे धरला. बाहेरून बिनयबाबू वाकून बघत होते, त्यांना त्याने मोठ्याने सांगितलं की ही माझी बहीण, लिहिते.

चहा भयंकर होता. पाक म्हणून जिलबीवर घालता आला असता. पण मी वाहवा म्हटल्याशिवाय तो कपाचा कान सोडेना. म्हटली मग. मांजर त्या वेळी घरात नव्हती, कुणीतरी म्हणायला हवंच होतं.

जावईबापूंना आशीर्वाद. चषकात आता चिंच ठेवते. माझ्यावर तुझा लोभ आहेच, नाव बदललं म्हणून पत्ता चुकवू नकोस.

तुझी,
हिरण्यप्रभा सान्याल, शांतिपूर