जांभळीखालची मडकी

घाटंजी, ७ मार्च १९६१, संध्याकाळ

मत्स्यखात्याचा साहेब आज तळ्यावर आलता. आम्हा भोयांले म्हणे, फुटकी मडकी अन् बाभळीच्या फांद्या तळाशी टाका. त्यात मासोळीची पिलं वाचतात, पाणीही निवळते. मले काय शिकवते? मासोळी माझ्याच जाळ्यात यावी म्हणून चार वर्षांपासून मी चोरून तेच करून राह्यलो. पण सुरुवात इथून करा म्हणून साहेबानं काठी रोखली ती नेमकी काठावरच्या जांभळीखाली. माझ्याच मडक्यांवर! काहून?

कोणी सांगितलं? धाकटा भाऊ सखाराम साहेबामागं उभा राहून हसत होता. त्याचंच काम. जांभळीकडं त्याची नजर असतेच.

जेवताना बायकोले म्हटलं, सखाराम घरभेदी निघाला.

ती म्हणाली, "भाऊजींवर कायले आळ घेता? साहेबानं आम्हा बायांले विचारलं, प्यायचं पाणी कुठून भरता? आम्ही जांभळीखालची जागा दाखवली. साऱ्या तळ्यात तिथलंच पाणी नितळ हाय. सारं गाव तिथूनच भरते."

हातात पाण्याचा तांब्या होता. त्याचा तळ स्वच्छ दिसत होता.